‘इतर हक्कां’तल्या तीन बहिणी आणि एकरी नऊ लाखांची सूट

वाचकाचं पत्र (संक्षिप्त) :

मी ६१ वर्षांचा असून कॉलेजच्या कार्यालयातून निवृत्त झालो आहे. पुण्यात राहतो. सातारा जिल्ह्यात गावी माझ्या नावावर थोडी शेती आहे, त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला मिळायला अडचण नाही. भोर तालुक्यात तीन एकरांचा एक जिरायत गट विकायला आहे. आजूबाजूला एकरी ३० लाखांचा भाव चालू आहे, पण मालक असलेले दोघे भाऊ २१ लाखांत द्यायला तयार आहेत. धाकट्याच्या मुलीचं लग्न आहे आणि देणीही आहेत, म्हणून घाई. वडील २००९ साली वारले, आई २०१६ साली. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं आहेत आणि तीन बहिणींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात आहेत. दोघींची लग्नं १९८९ आणि १९९३ साली झाली, तिसरी २०१८ मध्ये वारली. तिचे यजमान, २२ वर्षांची मुलगी आणि १५ वर्षांचा मुलगा आहेत. एजंट म्हणतो, इतर हक्कात आहेत म्हणजे त्या मालक नाहीत, शिवाय लग्न १९९४ च्या आधी झालेल्या मुलींना हक्कच नाही. एका बहिणीचं शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं संमतीपत्र त्यांनी दाखवलं. सातबाऱ्यावर ‘कु.का. कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशीही नोंद आहे, मला खरी भीती तिची वाटते. शुक्रवारी पाच लाख विसार देऊन नोटरीचं साठेखत करायचं ठरतंय. एजंटकडे दुसरं गिऱ्हाईकही आहे म्हणे. काय करावं?

उत्तर :

शुक्रवारी पाच लाख देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

पत्राबरोबर तुम्ही सातबारा आणि वारस नोंदीचा फेरफार, दोन्हींचे फोटो जोडलेत हे बरं केलंत. बहुतेक जण नुसतं ‘टायटलमध्ये जरा भानगड आहे, घेऊ का?’ असं विचारतात, आणि भानगड कोणती हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नसतं. काही भानगडी चारदोनशे रुपयांत मिटतात, काही योग्य माणसांच्या सह्या मिळाल्या की मिटतात, आणि काहींसाठी कोर्टाखेरीज वाट नसते. तुमच्या गटात तिन्ही प्रकार आहेत. पंचाईत अशी की तुम्ही भलत्याच नोंदीला घाबरला आहात.

‘कु.का.’ म्हणजे कूळ कायदा, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांसाठीचा. त्याच्या कलम ४३ पासून सुरुवात करते. या नोंदीचा अर्थ असा की ही जमीन या कुटुंबाला कूळ म्हणून मिळाली आहे. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्यानंतर कसणाऱ्या कुळांना कलम ३२ ग खाली जमिनी विकत मिळाल्या, ३२ म चं प्रमाणपत्र मिळालं, आणि त्या जमिनी परवानगीशिवाय विकू नयेत म्हणून कलम ४३ चं बंधन सातबाऱ्यावर आलं. पूर्वी या परवानगीसाठी लोकांच्या चपला झिजायच्या. २०१४ साली कायदा बदलला. कुळाने जमीन खरेदी केल्याला दहा वर्षं झाली असतील तर पूर्वपरवानगी लागत नाही, विकणाऱ्याने आकाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा सरकारजमा करायचा. घेणारा शेतकरी हवा, त्याची एकूण जमीन कमाल जमीनधारणेच्या मर्यादेत हवी आणि तुकडेबंदी, म्हणजे फार लहान तुकडे पाडण्यावरची बंदी, मोडता कामा नये, एवढ्याच अटी. तुमच्या फोटोत आकार ४ रुपये ८० पैसे दिसतो. त्याच्या चाळीस पट म्हणजे १९२ रुपये. ३२ म चं प्रमाणपत्र मात्र डोळ्यांनी बघा आणि नजराण्याचं चलन भावांना आधी भरायला सांगा. या नोंदीचा विषय माझ्या लेखी इथे संपला.

आता ज्या रकान्यावरून तुमची नजर सहज पुढे गेली त्याकडे येते.

वडील वारल्यावर वारस नोंद करताना मुलांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, आणि मुलींची नावं ‘इतर हक्का’त लिहायची, ही आपल्याकडे गावोगाव वर्षानुवर्षं चाललेली पद्धत. तुमच्या फेरफारातही तेच झालंय. तलाठ्याने वारस म्हणून पाचही मुलं आणि आई अशी सहा नावं घेतली आहेत, आणि खाली एका ओळीत ‘मुलींची नावे इतर हक्कात दाखल’ असा शेरा मारला आहे. एवढ्या ओळीने कुणाचा वाटा जात नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, तो कुणाला मालक करत नाही आणि कुणाची मालकी काढूनही घेत नाही. सुप्रीम कोर्टाने हे इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यात नवं काही राहिलेलं नाही. उलट ही नोंद तुमच्या विरोधात जाते. बहिणींची नावं सातबाऱ्यावर कुठेच नसती तर ‘मला माहीतच नव्हतं’ असं म्हणायला तुम्हाला निदान तोंड होतं. इथे त्यांची नावं छापील आहेत, तुम्ही वाचली आहेत आणि मला लिहूनही कळवली आहेत.

१९९४ च्या गोष्टीत एजंट अगदीच हवेत बोलत नाही, म्हणून ती नीट समजून घ्या. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात स्वतःची दुरुस्ती करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, पण ज्यांची लग्नं त्या कायद्याआधी झाली होती त्यांना वगळलं. तेव्हापासून ‘चौऱ्याण्णवच्या आधी लग्न झालं, हक्क गेला’ हे वाक्य चावडीवर पक्कं बसलं. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली, तिच्यात लग्न कधी झालं याला काही किंमत नाही. वडील त्या तारखेला हयात असावे लागतात की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला, हयात असण्याची गरज नाही. तुमच्या बाबतीत त्या वादालाही जागा नव्हती, कारण वडील २००९ साली वारले. २० डिसेंबर २००४ च्या आधीची रीतसर वाटणी असती तर गोष्ट वेगळी होती. तशी काही वाटणी तुमच्या कागदांत दिसत नाही. आणि जमीन वडिलांच्या एकट्याच्या मालकीची होती असं धरलं, तरी मृत्युपत्र नसताना बायको आणि सगळी मुलं सारखीच वारस होतात. कुठूनही मोजा, आधी सहा सारखे वाटे आणि आई गेल्यावर पाच.

आता गुंठ्यांचा हिशेब. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. पाच वाटे केले की प्रत्येकी २४. दोघा भावांचे मिळून ४८ आणि बहिणींचे ७२. म्हणजे जे ४८ गुंठ्यांचे धनी आहेत, ते तुम्हाला १२० गुंठे विकताहेत. त्यांनी लिहून दिलेल्या खरेदीखताने तुमच्याकडे त्यांचा वाटा येईल. त्याहून जास्त ते देऊ शकत नाहीत, कारण स्वतःकडे नाही ते कुणालाच विकता येत नाही.

पैशांत मांडू. तुम्ही देणार ६३ लाख. बाजारभावाने तीन एकरांचे ९० लाख होतात, म्हणजे तुमचा फायदा २७ लाख. उद्या बहिणींनी दावा लावून आपला वाटा घेतला तर तुमच्याकडे ४८ गुंठे राहतील. गुंठा ७५ हजारांनी त्यांची किंमत ३६ लाख, आणि तुम्ही दिलेत ६३. तोटा २७ लाख. सौदा जमला तर नेमका तेवढाच फायदा आणि फसला तर तेवढाच तोटा. वर मुद्रांक, वकील आणि दावा चालेल तितकी वर्षं. भोरच्या कोर्टात वाटपाचा दावा, मग प्राथमिक हुकूमनामा, मग प्रत्यक्ष वाटणीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे कागद, मध्ये अपिलं. त्या काळात कोर्टाने ‘जैसे थे’ म्हटलं की झाडही लावता येत नाही, शेतघर तर सोडाच. दावा चालू असताना दुसऱ्या कुणाला विकायचं म्हटलं तरी घेणारा निकालाला बांधील राहतो, म्हणून चांगला भाव देणारा गिऱ्हाईक फिरकत नाही.

अशा सौद्यात जोखीम किती हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारते. हा सौदा सुखाने पार पडायला किती जणांनी आणि कितीवर पाणी सोडायला हवं? तुमच्या बाबतीत तीन घरांनी, प्रत्येकी २४ गुंठ्यांवर, म्हणजे बाजारभावाने १८ लाखांवर. भावाचं लग्नकार्य आहे म्हणून आजवर गप्प राहिलेली बहीण, जमीन परक्याला विकली आणि पैसे दोघांनीच घेतले हे कळल्यावर गप्प राहील का? ती राहिलीच, तर तिची मुलं राहतील का? मी भावाबहिणींचे दावे पाहते त्यात बहुतेक वेळा ठिणगी विक्रीनेच पडलेली असते. भाऊ जमीन कसत होता तोवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

‘इतकी वर्षं काही बोलल्या नाहीत, आता मुदत गेली’ असंही तुम्हाला सांगितलं जाईल. ते मनावर घेऊ नका. सामाईक मिळकतीत एका हिस्सेदाराचा ताबा कायद्याने सगळ्यांच्या वतीने धरला जातो. ‘तुझा यात काही संबंध नाही’ असं भावाने उघडपणे म्हटलं, वागला आणि बहिणीला ते कळलं, तिथून प्रतिकूल ताब्याची, म्हणजे खऱ्या मालकाला डावलून धरलेल्या ताब्याची, बारा वर्षं मोजायची. भाऊबीजेला घरी बोलावून ओवाळून घेणाऱ्या भावाने हे सिद्ध करायचं म्हणजे कठीणच.

खरेदीखत नोंदवता येईल का? येईल, आणि तिथेच लोक फसतात. दुय्यम निबंधक कागद, ओळख आणि मुद्रांक बघतो, मालकीचा निवाडा करत नाही. तामिळनाडूत मालकीचे पुरावे नसतील तर दस्त नाकारण्याचा अधिकार निबंधकाला देणारा एक नियम होता, तोसुद्धा सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये रद्द ठरवला. नोंदणी झाली म्हणजे सरकारने शिक्का मारला ही समजूत सोडून द्या. पुढे सातबाऱ्यावर नाव लावायला गेलात की हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीला १५ दिवस असतात. ‘इतर हक्का’तल्या बहिणींना नोटीस गेली आणि एकीने जरी हरकत घेतली की ती तक्रारी नोंद होते. मग मंडल अधिकारी, प्रांत, आणि पुढे पुढे.

एका बहिणीचं संमतीपत्र तुम्हाला दाखवलं. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत हवा. शंभराच्या स्टॅम्पवरच्या नोटरीच्या शिक्क्याने तिचे २४ गुंठे कुठेही गेलेले नाहीत. त्या कागदातून एवढंच कळतं की भावांनाही बहिणीची सही लागते हे ठाऊक आहे.

तिसऱ्या बहिणीकडे वळते, कारण खरी गाठ तिथे आहे आणि त्याबद्दल तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. ती आईवडिलांच्या मागे २०१८ मध्ये वारली. तिचा २४ गुंठ्यांचा वाटा तिच्या मुलांना आणि नवऱ्याला जातो. हो, नवऱ्यालाही. मुलं असली तर माहेरच्या मिळकतीतही नवरा वारस होतो, आणि भावांना हे सांगितलंत तर ते चमकतील. तिघांचे प्रत्येकी आठ गुंठे. त्यातला मुलगा १५ वर्षांचा. बाप नैसर्गिक पालक असला तरी अज्ञान मुलाची स्थावर मिळकत विकायला त्याला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते, आणि मुलाची गरज किंवा उघड फायदा असल्याशिवाय न्यायालय ती देत नाही. परवानगीशिवाय बापाने ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालन कर्ता) म्हणून सही केली तर मुलगा सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत ती विक्री रद्द करून मागू शकतो. म्हणजे तो २१ चा होईपर्यंत, आणखी सहा वर्षं, तुमच्या खरेदीवर ही टांगती तलवार. तेव्हा तुम्ही ६७ चे असाल.

मग हा गट घेऊच नये का? तसं मी म्हणत नाही. जागा तुमच्या मनात भरली आहे हे पत्रातूनच कळतं, आणि हा दोष सुधारता येतो. जी जमीन कुणाची हेच कळत नाही, किंवा जिथे दावा चालू आहे, तिथे मी सरळ नको म्हणते. इथे वारस कोण हे स्पष्ट आहे, सगळ्यांचे पत्ते भावांना ठाऊक आहेत. फक्त सुधारण्याचं काम विकणाऱ्याचं आहे, तुमच्या पैशाने आणि तुमच्या जोखमीवर करायचं नाही.

भावांना सांगा की दोन्ही बहिणी खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून आल्या पाहिजेत आणि प्रत्येकीच्या वाट्याची रक्कम तिच्याच खात्यावर जाईल. हक्कसोडपत्र करून घेतो, असं ते म्हणतील. कायद्याने तेही चालतं, सख्ख्या नात्यात त्याला मुद्रांकही फारसा पडत नाही. तरी मी हट्ट पहिल्याचाच धरीन. निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर आत्याला बसवलेलं असतं, पुतण्या एकेक पान उलटून ‘इथे अंगठा, आत्या’ म्हणतो, कागदात काय आहे हे तिला कुणी वाचून दाखवत नाही, असं मी अनेकदा बघितलंय. फुकट घेतलेलं हक्कसोडपत्र पुढे ‘फसवून घेतलं’ म्हणून कोर्टात येतं, आणि कधी कधी ते खरंही असतं. जिला १२–१३ लाखांचा चेक मिळाला आणि जिने तो वटवला, तिला असं म्हणणं अवघड जातं. शिवाय ते पैसे तिचेच आहेत.

भाऊ इथे बिचकतील. त्यांना ६३ लाखांतले जवळजवळ ३८ लाख बहिणींना द्यावे लागतील आणि लग्न-देण्याचा हिशेब कोलमडेल. म्हणूनच हा सौदा स्वस्त होता. एकरी नऊ लाखांची सूट भाऊ तुम्हाला देत नव्हते, त्यांच्या बहिणी देत होत्या, त्यांना न विचारता. सगळे वारस सही करायला तयार झाले तर भाव वर सरकेल, एकरी २७–२८ पर्यंत जाईल असं धरून चाला आणि तो तेवढा द्या.

तिसऱ्या बहिणीच्या घरासाठी कोर्टाची परवानगी मागायची तर काही महिने जातील, आणि मिळेलच असं नाही. मला त्यापेक्षा सरळ वाटणारा मार्ग असा. आधी सर्वांनी रीतसर नोंदणीकृत वाटपपत्र करावं, मोजणी करून पोटहिस्से पाडावेत, तिच्या नवऱ्या-मुलांचे २४ गुंठे वेगळे काढावेत, आणि तुम्ही उरलेले ९६ गुंठे चौघांकडून घ्यावेत. तुकडेबंदीतही हे बसतं, पुणे जिल्ह्यात जिरायतासाठी २० गुंठ्यांचं प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. त्या पोराचा तुकडा खडकाळ कोपऱ्यात ढकलू देऊ नका. वाटणी बरोबरीची नसेल तर सज्ञान झाल्यावर तो तीही उकरून काढू शकतो. रस्त्याची बाजू कुणाकडे जाते हे तुमच्याही कामाचं आहे, तेव्हा मोजणीच्या दिवशी हजर राहा.

बहिणी नाहीच म्हणाल्या तर? भावांचे ४८ गुंठे वाटणीनंतर घ्या, तेवढ्यात शेतघर आणि आंब्याची पंचवीस-तीस झाडं आरामात बसतात. वाटणीआधीच एका भागावर बोट ठेवून ४८ गुंठे लिहून घेतले तर कोर्ट पुढे शक्यतो तोच भाग भावांच्या वाट्याला टाकून घेणाऱ्याला सांभाळून घेतं, हे खरं. पण ‘शक्यतो’ या शब्दावर निवृत्तीचा पैसा लावू नये.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही आणि मला ती सगळ्यात जास्त खुपते. वडिलांकडे ही जमीन आजोबांकडून आली, आणि आजोबा १९५६ नंतरच वारले असणार, कारण ३२ ग चा हुकूम त्यांच्या नावावर आहे. त्यांना मुली किती होत्या? १९५६ च्या कायद्यापासून मुली वारस आहेत. आजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार काढा आणि त्यात फक्त मुलाचं नाव असेल तर आत्यांची चौकशी करा. एखादी आत्या किंवा तिची मुलं निघाली तर वरचा माझा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट यात मदत करणार नाही. सर्चमध्ये नोंदलेले दस्त दिसतात, न लिहिलेला वारस दिसत नाही. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकला मागून काढावे लागतात, ते काम तुमच्या वकिलाकडून करून घ्या. तुमच्या म्हणजे तुमच्या, एजंटने सुचवलेल्या नव्हे.

भावांची सज्ञान मुलंही संमती देणार म्हणून घ्या, वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क सांगायला ती पुढे येऊ शकतात. ‘पुढे काही वाद निघाल्यास लिहून देणार स्वखर्चाने निवारण करून देतील’ हे वाक्य खरेदीखतात असेलच, सगळ्यांच्या असतं. त्याची किंमत भावांकडे तेव्हा जे शिल्लक असेल तेवढीच. लग्न आणि देणी भागवून त्यांच्याकडे दुसरी जमीन उरणार आहे का, हे विचारून बघा.

एकदा एजंटला न घेता जागेवर जाऊन या. शेजारच्या बांधावर कुणी भेटलं तर ही जमीन कोण कसतं, वाट कुठून आहे, बहिणी येतात का, एवढं विचारा. गावात या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात आणि कुणी लपवतही नाही. विकास सोसायटीचा बोजा तुमच्या फोटोत दिसत नाही, तरी सोसायटीतून ‘येणे बाकी नाही’ चा दाखला मागा, पाच मिनिटांचं काम आहे.

विसाराचं शेवटी सांगते. नोटरीचं साठेखत निबंधकाच्या सूचीत दिसत नाही, म्हणजे तोच गट त्याच आठवड्यात आणखी कुणाला साठेखताने दिला तर तुम्हाला कळायला मार्ग नाही. ताबा घेतलात तरी अशा न नोंदलेल्या साठेखतावर तो कायद्याने राखता येत नाही. द्यायचंच असेल तर सगळ्या वारसांच्या सह्यांचं नोंदणीकृत साठेखत करा, त्यात वाटप, नजराणा आणि सह्या यांच्या मुदती घाला, त्या न पाळल्यास विसार परत असं लिहा, पैसे चेकने द्या आणि मोठा हिस्सा फेरफार प्रमाणित होईपर्यंत हातात ठेवा. त्याआधी पेपरात जाहीर नोटीस द्यायला विसरू नका.

राहिलं ते दुसरं गिऱ्हाईक. असेलही. त्यालाही दोन बहिणी, एक जावई, बावीसची एक भाची आणि पंधरा वर्षांचा एक भाचा यांना गाठावंच लागेल, आणि त्यांना न गाठता त्याने जमीन घेतली, तर येत्या दोन-तीन वर्षांत तोच गट पुन्हा विकायला निघालेला तुम्हाला कळेल. शुक्रवारी एजंटला फोन करून एवढंच सांगा की वारसांची यादी आणि आजोबांच्या वेळचा फेरफार मिळाला की बोलू.